पाठमोरा

“...पण यात चुकलं कुठं, अप्पा?”

धैर्यशील निकम विचारत होता. नावाजलेला शिल्पकार, गावोगावच्या चौकांत त्याचे पुतळे उभे. मुलाखतींत इटलीतल्या गुरूंची नावं धडाधड सांगायचा. कोल्हापुरातल्या या पत्र्याच्या शेडमध्ये ज्यांनी त्याच्या हातात पहिल्यांदा माती दिली, त्या अप्पा पांचाळांचं नाव मात्र कधी घेतलं नाही. गळ्याशी आलं, तेव्हा बरोबर वाट सापडली.

टेंपोतून आणलेला मातीचा अर्धपुतळा मधोमध होता. धैर्यशीलच्या वारलेल्या वडिलांचा. आई अंथरुणाला खिळलेली, आज आहे उद्या नाही. तिनं एकदा त्यांना बघावं म्हणून केलेला. आणि तिनं बघून विचारलं होतं, “हा कुणाला आणलायस रे घरी?”

अप्पांनी पुतळ्यावरून ओला अंगठा फिरवला.

“भुवई तुझ्या इटलीवाल्याची. गाल मी शिकवलेले. बाप कुठाय?”

“फोटोवरून केलंय. हुबेहूब आहे.”

अप्पांनी पुतळ्याखालचा फिरता पाट गरकन वळवला.

“आणि ही मान?”

धैर्यशील बघतच राहिला. फोटोत मागची बाजू नव्हतीच. प्रत्येक पुढाऱ्याला लावायचा तीच मान त्यानं सवयीनं बापालाही लावली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“शेवटचं कधी बघितलंस त्याला?”

“स्टँडवर. मी शिकायला निघालो तेव्हा. भांडण झालं होतं... गाडी सुटायच्या आधीच ते चालू लागले. वळून बघितलं नाही.”

“नंतर?”

“नंतर मी आलोच नाही. मयतीलासुद्धा नाही. प्रदर्शन होतं.”



“कसा दिसत होता स्टँडवरून जाताना?”

“डावा खांदा पडलेला. पोती वाहून वाहून.” त्यानं नकळत स्वतःचा डावा खांदा खाली सोडला. “मान ताठ. मुद्दाम ताठ धरलेली.”

अप्पांनी माती कापायची तार उचलली आणि एका ओढीत पुतळ्याचा चेहरा कानापासून उतरवला. मातीचा लपका जमिनीवर पडला.



“तो खांदा कर,” अप्पा म्हणाले. “ती मान कर.”

“आणि चेहरा?... अप्पा, नुसती पाठ बघून आई काय म्हणेल?”

अप्पांनी तार फडक्याला पुसली.

“म्हणेल, हाक मार त्याला.”