गुरुदक्षिणेचा चहा

एकदा एक शिष्या गुरुपौर्णिमेचं पाकीट घेऊन आपल्या गुरुजींकडे गेली. हा तिचा दर वर्षीचा शिरस्ता. ती पाकीट पायांशी ठेवी, गुरुजी ते न उघडता कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या देणगीपेटीत टाकून येत, आणि मग दोघं गवती चहा घेत. या वर्षी गुरुजींनी पाकीट उचललं, तळहातावर जरासं तोललं आणि तिचं तिलाच परत दिलं.

"या वेळी हे नको," ते म्हणाले. "तळ्याकाठच्या त्या मोठ्या हॉटेलात मला दुपारचा चहा पाज. तू आणि मी, दोघंच. मात्र जे काही होईल ते या पाकिटात बसलं पाहिजे. वर एक रुपया घालायचा नाही."

शिष्येनं तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी ठेवलं. गुरुजींचं वय ऐंशीला टेकलेलं. शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले, पत्नी गेली, आणि तेव्हापासून दोन खोल्या, दोन धोतरं आणि एकवेळचं जेवण एवढ्यावर त्यांचं चाललं होतं. गोड खाणं त्यांनी कधीच सोडलं होतं. अशा माणसाला म्हातारपणी हे काय सुचलं? पण गुरूनं दक्षिणा मागितली की कारण विचारायचं नाही, एवढं तिला शिकवलेलं होतं.

शिष्येचं नाव उज्ज्वला. सकाळी एका शाळेच्या कचेरीत ती काम करी आणि उरलेला सगळा दिवस घरात. सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, रात्री दोनदा उठणं, हे सगळं तिच्याकडे. कचेरीच्या वेळेपुरती तेवढी एक शेजारीण येऊन बसे. नवरा भला होता, पण त्याची फिरतीची नोकरी. सहा वर्षांत ती सलग पाच तास झोपलेली नव्हती. थकवा आता तिच्या अंगाचाच भाग झाला होता. कुणी "कशी आहेस?" असं विचारलं तर ती सासूबाईंची तब्येत सांगे.

त्याच आठवड्यात तिच्या नणंदेचा, हेमाताईंचा, फोन आला होता. त्यांना कामावरून महिनाभराची रजा मिळण्यासारखी होती. "वहिनी, मी येते आईपाशी. तू माहेरी जा आणि नुसती झोप. मंगळवारी संध्याकाळपर्यंत सांग, म्हणजे मला अर्ज देता येईल." हे तिसऱ्यांदा होतं. आधीच्या दोन्ही वेळी उज्ज्वला "नको" म्हणाली होती आणि याही वेळी म्हणणार होती. बोलता बोलता हे तिनं गुरुजींच्या कानावर घातलं. "त्यांना जमायचं नाही, गुरुजी. आई माझ्याच हातचं खातात."

गुरुजींनी त्यावर काही सल्ला दिला नाही. "मंगळवारीच जाऊ," एवढंच म्हणाले.

काटकसरीचं सगळं नियोजन गुरुजींनीच केलं, आणि त्यात ते वाकबगार निघाले. शनिवार-रविवारपेक्षा मंगळवारी तिथला दर उतरतो. खाण्याचं तीन मजली तबक मागवायचं ते एकच. एका माणसाचं असलं तरी दोघांना पुरतं, वर फक्त एका कपाचे पैसे जास्त पडतात. बाटलीचं पाणी मागायचं नाही, साधं मागायचं. रिक्षा नको, सोळा नंबरची बस थेट फाटकाशी थांबते. हे सगळं त्यांना कसं ठाऊक, असं उज्ज्वलाला वाटलं. पण विचारण्याइतकी शक्ती तिच्यात नव्हती. घराची तजवीज करता करताच तिच्या नाकी नऊ आले होते. मुलगी ऋचा शाळेतून लवकर येऊन आजीपाशी बसली, तेव्हा कुठे ती निघू शकली. निघताना तिनं पर्समध्ये सवयीनं एक रिकामा स्टीलचा डबा टाकला.

मोठी हॉटेलं असतात तसंच ते होतं, म्हणजे आपल्यासारख्यांना दारातच चपला काढाव्याशा वाटतात तसलं. गुरुजी मात्र धोतराचा सोगा सावरत वर्गात शिरावं तसे आत शिरले आणि खिडकीजवळची दोन खुर्च्यांची जागा पकडून बसले. बाहेर तळं होतं, वर आषाढाचं गढूळ आभाळ. खुर्ची इतकी मऊ होती की उज्ज्वला टेकली आणि तिला एकदम रडू येईल की काय असं झालं. ती लगेच ताठ होऊन कडेला बसली.

टेबलावर एक छोटं कार्ड होतं. 'मनसोक्त खावे. पदार्थ बरोबर नेण्यास मिळणार नाहीत.' उज्ज्वलानं ते वाचलं आणि पर्स मांडीवर ओढून घेतली.

तबक आलं. खालच्या मजल्यावर काकडीची आणि चीजची बोटभर सँडविचेस, मधे स्कोन नावाचा एक जाडसर गोल पाव, सगळ्यात वर चॉकलेटचा एक चौकोन आणि लिंबाची एक इवलीशी टार्ट. वेटरनं किटलीतून चहा ओतला, मान लववली आणि तो खांबाशी जाऊन उभा राहिला.

उज्ज्वलानं तबकाकडे पाहिलं आणि क्षणात वाटण्या केल्या. सहा वर्षांच्या सरावानं ते काम आपोआप होई. चॉकलेट ऋचाला. टार्ट नवऱ्याला, त्याला आंबटगोड आवडतं. स्कोन सासूबाईंना, दुधात कुस्करून. चीजची सँडविचेस ऋचाच्या उद्याच्या डब्याला. वेटर खिडकीबाहेर पाहतोय असं बघून तिनं नॅपकिनखाली डबा उघडला आणि एकेक वस्तू आत सरकवली. स्वतः तिनं साखर न घालता दोन घोट चहा घेतला. साखर ढवळताना चमचा वाजला असता.

"गुरुजी, तुम्ही घ्या ना," ती म्हणाली. तबकात आता काकडीची दोन सँडविचेस तेवढी उरली होती.

गुरुजींनी हात पुढे केला. "डबा दे."

तिला वाटलं, गुरुजी तो आपल्या पिशवीत लपवणार. तिनं टेबलाखालून दिला. गुरुजींनी तो टेबलाच्या मधोमध ठेवला, झाकण उघडलं, चॉकलेटचा चौकोन उचलला आणि तोंडात टाकला.

उज्ज्वला पाहतच राहिली. "गुरुजी... ते ऋचासाठी होतं."

"ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी टार्ट उचलली.

"ती यांच्यासाठी ठेवली होती."

"तेही ठाऊक आहे." टार्ट संपली. मग त्यांनी स्कोन घेतला. तो घशाखाली उतरेना. चहाच्या घोटाबरोबर, डोळे मिटून, औषध घ्यावं तसा त्यांनी तो गिळला. त्यांना यातलं काहीच आवडत नव्हतं, हे शेजारच्या टेबलावरच्यालाही कळलं असतं. तरी एकामागून एक ते खात राहिले. चीजची सँडविचेस उरली, ती त्यांनी वेटरला जवळ बोलावून त्याच्या हाती दिली आणि म्हणाले, "ही आत कुणाला तरी द्या, बाबा."

डबा रिकामा झाला. उज्ज्वलाला आधी लाज वाटली, मग राग आला. चाळीस वर्षांत गुरुजींचा असा राग तिला कधी आला नव्हता. तिचे डोळे भरले.

"सहा वर्षांनी मी अशी निवांत बाहेर येऊन बसले, गुरुजी," ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिनं टेबलाची कड धरली होती. "घरच्यांना घासभर नेता आलं असतं. तेवढंही राहू दिलं नाही तुम्ही."

गुरुजींनी ओठ पुसले. मग हळूहळू, थांबत थांबत, ते बोलू लागले.

"तुझं काय गेलं, उज्ज्वला? ते तू खाणार नव्हतीसच. ऋचानं खाल्लं असतं, तुझ्या नवऱ्यानं खाल्लं असतं, आता या म्हाताऱ्यानं खाल्लं. तुझ्या ताटात जे होतं तेच आहे. तू घराबाहेर आलीस म्हणतेस, पण मला तर तू बसमध्ये बसल्यापासून घरातच दिसते आहेस."

तिनं रिकाम्या डब्याला झाकण लावलं.

"मला इथले दर कसे ठाऊक, असं तुला वाटलं असेल. आताचे दर परवा येऊन विचारले, पण जागा जुन्या ओळखीची. निवृत्त झालो त्या वैशाखात तुझ्या काकूंना इथे घेऊन आलो होतो. याच रांगेत बसलो. तिनं माझ्या देखत सगळं रुमालात बांधलं, मुलांसाठी. मला त्याचं कौतुकच वाटलं. काय गृहिणी आहे, असं मनात म्हणालो आणि माझ्या वाटणीचं खाऊन घेतलं. घरी पोचेपर्यंत उकाड्यानं क्रीमचं पाणी झालं होतं. मुलांनी तोंड लावलं नाही. तिनं रुमाल धुऊन टाकला."

गुरुजी खिडकीबाहेर पाहू लागले.

"पुढे ती आजारी पडली. अखेरीला डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नाही, त्यांना जे आवडतं ते द्या. मी स्वयंपाकघरात गेलो. डबे उघडले, मिटले. बाळ, मला सुचेना. बेचाळीस वर्षांचा संसार आणि हिला काय आवडतं ते मला माहीत नाही! मुलांना फोन केले, त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी तिलाच जाऊन विचारलं. ती बराच वेळ आठवत राहिली, मग म्हणाली, 'तुम्हाला शिरा आवडतो ना, तोच करा.' तोच केला. तो मीच खाल्ला. त्यानंतर मी गोड खाल्लं नाही, ते आज खाल्लं."

खांबाशी उभ्या असलेल्या वेटरनं उगाचच तोंड दुसरीकडे वळवलं.

"दोष तिचा नव्हता, मी विचारलं नाही हा माझा होता," गुरुजी म्हणाले. "पण तुला शिकवलंय मी, म्हणून सांगतो. सेवा कर, ती मोठीच गोष्ट आहे. मात्र सेवा करणारं माणूस घरात शिल्लक राहिलं पाहिजे. तूच शिल्लक राहिली नाहीस तर सासूबाईंना भरवणारा तो हात कुणाचा? आता ही दोन सँडविचेस आहेत. मी यांना हात लावणार नाही, आणि डब्यात घातलीस तर तीही खाईन. माझं पोट आता बिघडणारच आहे, आणखी थोडं बिघडेल."

उज्ज्वलाला रडता रडता हसू आलं. तिनं एक सँडविच उचललं. पातळ पाव, त्यात गार काकडी, थोडं लोणी, मिऱ्याची पूड. तिनं ते सावकाश खाल्लं, कारण घाईनं खाण्याचं काहीही कारण उरलं नव्हतं. मग दुसरं खाल्लं. मग चहात साखर घातली आणि चमचा वाजवत ढवळली.

"गुरुजी," ती म्हणाली, "मला काकडीचं सँडविच आवडतं." तिचं तिलाच त्याचं नवल वाटलं.

"लक्षात ठेवतो," गुरुजी म्हणाले.

यानंतर जे झालं ते सांगण्यासारखं फारसं नाही. उज्ज्वलानं खुर्चीत पाठ मागे टेकली आणि तिला झोप लागली. भर हॉटेलात, तोंड किंचित उघडं ठेवून, चांगला अर्धा तास. वेटर किटली बदलायला आला, तेव्हा गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं. त्यानं किटली तशीच परत नेली आणि बाजूच्या टेबलावर काटेचमचे मांडायचे होते ते काम जरा पुढे ढकललं. पैसे पाकिटातून भागले, वरची चिल्लर बसच्या तिकिटाला पुरली.

थांब्यावर उभी असताना हेमाताईंचा फोन आला. "वहिनी, काय ठरलं मग?"

सासूबाई कुणाच्या हातचं खातील, कूस कोण बदलेल, रात्री कोण उठेल, हे सगळं उज्ज्वलाच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"या तुम्ही, ताई," ती म्हणाली. "पहिले दोन दिवस त्या खाणार नाहीत, रागावतील. तिसऱ्या दिवशी खातील. मी जाते झोपायला."

हेमाताई म्हणाल्या, "अगं, मी किती वाट पाहत होते."

घरी आल्यावर ऋचानं पर्समधून डबा काढला. वजनानंच तिला कळलं. "आई, हा तर रिकामाच!"

"हो," उज्ज्वला म्हणाली. "या वेळी काही आणलं नाही. मी तिथेच खाल्लं."

ती जरा घाबरूनच मुलीच्या तोंडाकडे पाहत होती. ऋचानं डबा मोरीपाशी ठेवला आणि वळून विचारलं, "मग काय आवडलं तुला?"

हा प्रश्न त्या घरात तिला आजवर कुणी विचारला नव्हता. विचारायला कुणाला जागाच नव्हती, कारण डबा नेहमी भरलेला असे.

"काकडीचं सँडविच."

"एवढंच? हात्तिच्या!" ऋचा म्हणाली. "काकडी आहे घरात. बस तू, मी करते."

उज्ज्वला बसली.

वाचकहो, घरातल्या प्रत्येकाला काय आवडतं ते तुम्हाला तोंडपाठ असेलच. त्या यादीत तुमचं नाव आहे की नाही, तेवढं आज एकदा पाहून घ्या.