ठमाईचा एक घास

हिवरखोपला यायला रस्ता नव्हता, नुसती घाटातली पायवाट होती, तेव्हाची, म्हणजे फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्या गावात ठमाई नावाची एक बाई राहायची. तिचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. असं म्हणतात, की गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या बारशालाही ती म्हातारीच होती.

ठमाई रानातून हिरडे गोळा करायची आणि लोकांची पोटं बरी करायची. तिच्याकडे मंत्र नव्हता, गंडादोरा नव्हता. ती माणसाला उताणं झोपवायची, त्याच्या पोटावर तळहात ठेवायची आणि डोळे मिटून गप्प बसायची. बंद दारामागचं बोलणं ऐकावं, तसं ती पोटाचं ऐकायची. मग कुणाला भाजलेला ओवा द्यायची, कुणाला सुंठेचं पाणी, कुणाला हिरड्याची चिमूटभर पूड. पुष्कळांना तर काहीच द्यायची नाही. "आज उपास कर. उद्या पेज पी. परवा येऊ नको, बरा झालेला असशील," एवढंच सांगायची. असं म्हणतात, की तिचा हात लागला की रडून निळं पडलेलं तान्हं ढेकर देऊन झोपी जायचं.

पण याच गावात एक वाईट रीत होती. नदीपलीकडे मोरदरा नावाचं गाव होतं. दोन्ही गावांचा देव एक, जत्रा एक आणि पालखीही एकच. पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा, ते पैजेच्या पंगतीवर ठरायचं. देवळापुढे समोरासमोर दोन पानं मांडायची. एका पानावर हिवरखोपचा माणूस, दुसऱ्यावर मोरदऱ्याचा. लापशी आणि तूप वाढत राहायचं आणि त्यांनी खात राहायचं. नियम दोनच होते. तोंड थांबता कामा नये आणि जो पानावरून आधी उठेल त्याचं गाव हरलं. जिंकलेला माणूस उठून हात धुवेपर्यंत पालखी जागची हलायची नाही.

एका साली हिवरखोपकडून रावजी बसला. तो जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं आणि तिसऱ्या दिवशी त्याचं पोट दगडासारखं कडक होऊन तो मेला. गावाने त्याच्या नावाचा दगड रोवला, दगडाला शेंदूर फासला आणि पुढच्या साली पाटलाने देवापुढे त्याच्या धाकट्या भावाचं, केरूचं नाव घेतलं.

केरू बावीस वर्षांचा होता. दिसायला धिप्पाड, पण भाऊ गेल्यापासून त्याच्या पोटात सारखी आग पडायची. तो मागच्या वाटेने, कुणाला न सांगता ठमाईकडे आला. ठमाईने त्याच्या पोटावर हात ठेवला आणि पुष्कळ वेळ उचललाच नाही.

"केरबा, आत जखम हाय," ती म्हणाली. "पेजेवर राहिलास तर भरून येईल. पंगतीला बसलास तर उठायचा न्हाईस."

"न्हाई बसलो तर गावात तोंड कसं दावू, ठमाई? पाटलानं देवापुढं नाव घेतलंय."

ठमाईने त्याला ज्येष्ठमधाची काडी दिली आणि ती तडक पाटलाच्या ओसरीवर गेली. दौलतराव पाटील नुकताच जेवून तक्क्याला टेकला होता.

"पाटील, केरूला बसवू नका. मरंल त्यो."

"मग कुनाला बसवू? तू बसतीस व्हय?" पाटील म्हणाला आणि ओसरीवरचे सगळे खो खो हसले. "ठमे, तू पोरासोरांची पोटं चोळ. गावाची अब्रू तुझ्या ओव्याच्या पुडीत मावायची न्हाई."

"आन् गावाची अब्रू पोराच्या पोटात मावती व्हय? पोट म्हंजी काय कणगी हाय, दाबून दाबून भरायला?"

"लई बोललीस तर घाटाखाली हाकलून दीन."

"द्या की. मी बोलायची थांबनार न्हाई. घाटाखालनं वरडंन," असं म्हणून ठमाई निघून गेली.

जत्रेचा दिवस उजाडला. दोन्ही गावं देवळापुढे जमली. मोरदऱ्याचा खंडू पैलवान आपल्या पानावर येऊन बसला. ढोल वाजला आणि गळ्यात हार घातलेला केरू गर्दीतून पुढे आला. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. तो पानापाशी पोचायच्या आत ठमाई मधून शिरली, तिने पदर कमरेला खोचला आणि हिवरखोपच्या पानावर मांडी घालून बसली.

ढोल थांबला. त्या पानावर बाई कधीच बसली नव्हती.

"ए म्हातारे, ऊठ!" पाटील ओरडला.

"उठवा," ठमाई म्हणाली.

पाटील दोन पावलं पुढे आला आणि तिथेच अडकला. कारण पानावर बसलेल्या माणसाला उठवायचं नाही, ही त्या मुलखातली सगळ्यात जुनी रीत होती. चोर बसला तरी त्याचं जेवण होऊ द्यायचं. वैरी बसला तरी थांबायचं. दोन्ही गावांतले म्हातारे खाली बघू लागले आणि पाटलाचा उगारलेला हात हळूहळू खाली आला.

खंडू हसला. "आजी, दात तरी हायती का?"

"सात हायती. तुझ्या बत्तिसांपरीस ज्यादा काम करत्यात."

वाढपी लापशीचं पातेलं घेऊन आला. ठमाईने मान हलवली आणि मूठभर मऊ भात आणि ताक मागितलं. "एवढंच?" वाढपी म्हणाला. "तोंड थांबवू नका, एवढाच नेम हाय," ठमाई म्हणाली. "किती गिळायचं, ह्यो नेम कुनी केलाय? सांगा." वाढप्याने भात आणि ताक आणून वाढलं. मग ठमाईने एक घास घेतला आणि ती चावू लागली.

खंडूचं पहिलं पातेलं संपलं, तेव्हा ठमाईचा पहिला घास तोंडातच होता. असं म्हणतात, की तिच्या चावण्याचा आवाज जात्याच्या घरघरीसारखा दोन्ही गावांत ऐकू येत होता. दुसरं पातेलं संपलं, तिसरं संपलं, तरी तिच्या पानावरचा भात तेवढाच दिसत होता. असंही म्हणतात, की सूर्य कड्यावर येऊन टेकला आणि तिथेच बसून राहिला, कारण त्यालाही निकाल बघायचा होता.

खंडूला घाम फुटला. त्याचा श्वास वर वर चालू लागला. मोरदऱ्याचे लोक मागून ओरडत होते, "आनखी एक! आनखी एक!" ठमाई त्याच्या पानाकडे नाही, डोळ्यांकडे बघत होती.

"खंडू, घरी कोन हाय रं?" तिने घास गालात सरकवून विचारलं.

"आई हाय."

"तिला तू पायजेस, का पालखीचा खांदा?"

खंडूच्या हातातली लापशी पानात पडली. तो गुडघ्यावर हात टेकून उठला.

"आता बसू नको, चाल," ठमाई म्हणाली. "देवळाला हळूहळू फेऱ्या मार. आरं, ह्याला कुनीतरी ऊन पान्यात ओवा आन् मीठ घालून द्या. बघत काय बसलाय!"

हिवरखोप जिंकलं. लोकांनी गुलाल उधळला. पाटील हसत हसत तांब्या घेऊन आला. "ऊठ ठमाई, हात धू."

ठमाईने दुसरा घास घेतला.

"उठत न्हाई. दोन्ही गावांनी देवापुढं सांगायचं, हितनं म्होरं कुनाच्या पोटावर पैज लागनार न्हाई. मग उठते."

"म्हातारे, पालखी खोळंबलीया! देव खोळंबलाय!"

"खोळंबू दे. रावजीची तिरडी ह्याच दारावरनं गेली, तवा कुनाला घाई नव्हती."

मग केरूने गळ्यातला हार काढला, देवळाच्या पायरीवर ठेवला आणि तो ठमाईच्या शेजारी येऊन बसला. "मला बी वाढा. घासभर," तो म्हणाला. फेऱ्या मारून आलेला खंडू त्याच्याजवळ टेकला. मग रावजीची बायको आली, मग मोरदऱ्याच्या बायका आल्या, मग पोरं, मग म्हातारे. सगळे एकेक घास घेऊन चावत बसले आणि पंगत पार नदीच्या वाळूपर्यंत गेली. पानावर बसलेल्या एवढ्या माणसांना उठवणार कोण? आणि पालखी उचलणार कोण? पाटील तेवढा एकटा उभा होता, हातात तांब्या घेऊन.

तो किती वेळ उभा होता ते कुणी मोजलं नाही, कारण सूर्य हलत नव्हता. शेवटी त्याने तांब्या खाली ठेवला, देवाकडे तोंड केलं आणि शपथ घेतली. मोरदऱ्याच्या पाटलानेही घेतली. ठमाईने तोंडातला घास गिळला, ती उठली आणि तिने हात धुतले. त्याच क्षणी सूर्य झपकन मावळला, असं म्हणतात. त्या दिवशी पालखीला एका बाजूने हिवरखोपने आणि दुसऱ्या बाजूने मोरदऱ्याने खांदा दिला.

केरू म्हातारा होऊन मेला. ठमाई मात्र मेल्याचं कुणीच सांगत नाही. तिने जिथे हात धुतले तिथे हिरड्याचं झाड उगवलं, एवढंच सांगतात. त्याचे हिरडे कुणी विकत नाही. लागतील त्याने लागतील तेवढे उचलायचे.

आजही हिवरखोपच्या जत्रेत पहिल्यांदा ताक आणि भात वाढतात, मग बाकीचं. लग्न असो, बारसं असो, त्या गावात जेवणाऱ्याला आग्रह करत नाहीत. बाहेरगावचे पाहुणे याला कंजूषपणा म्हणतात. म्हणू देत. एखादा पाहुणा वाढायला घेतो आणि "आमच्यासाठी एक तरी, आमच्यासाठी एक तरी" करत पानावर वाकतो. तेव्हा जेवणाऱ्याने पानावर हात आडवा धरायचा. त्याला ठमाईचा हात म्हणतात. तो धरला की वाढणाऱ्याने पुढे जायचं, मग तो नवरदेवाचा मामा असो नाहीतर आमदार असो. मोठ्या माणसांपुढे ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, अशी मुलंही हात धरतात. बोलावं लागत नाही. हात मात्र हलवायचा नाही.