तापला तर बदलून मिळेल

चिंचखडी गावात शिदबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? एकदा बायको म्हणाली, "दाराकडं जरा लक्ष ठेवा." हा दुपारभर पुढच्या दाराकडं बघत बसला. तेवढ्यात परसातून शेळी आली आणि निम्मी ज्वारी खाऊन गेली. बायकोनं जाब विचारला. "दार कुठं गेलंय? हे काय, जागेवर आहे," शिदबा म्हणाला.

बायकोचं नाव हौसा. तिच्या अकलेवर दोघांचं भागत होतं. एकुलती एक लेक वैजू. माघात तिचं लग्न झालं. जावई जयवंत, गुणी पोरगा. व्याही आनंदराव मगदूम, तालुक्याच्या गावात मोबाइलचं दुकान. माणूस वाईट नव्हता, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. लग्नाच्या पंगतीत पापड उशिरा आला म्हणून तीन दिवस कुणाशी बोलला नव्हता.

त्याच लग्नात आनंदरावांनी शिदबाला आहेर केला. ताटात टॉवेल, टोपी, नारळ आणि मधोमध कोरा करकरीत मोबाइल. ताटापुढं हलगी वाजत होती.

पुढं ऐन उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. लेकीचा पहिलाच धोंडा. जावयाला बोलवायचं, पुरणाचं जेवण घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. हौसानं तांदूळ भिजत घातले आणि नवऱ्याला समोर बसवलं.

"अहो, नीट ऐका. व्याह्यांचं नाक जरा वर आहे. आपल्याकडून काही वेडंवाकडं झालं तर बोलणी वैजूला खावी लागतील. तिला त्या घरात नांदायचंय."

"वेडंवाकडं मी कधी करतो?" शिदबानं विचारलं. हौसा तांदळाचं पाणी बदलायला उठली.

दुसऱ्याच दिवशी आनंदरावांचा फोन आला. "शिदबा, त्या मोबाइलची बॅटरी तापते म्हणून कंपनीनं सगळा माल परत मागवलाय. एखादा पेटतोसुद्धा. ताबडतोब घेऊन या, नवा देतो."

शिदबा तसाच उठला. मोबाइल विजारीच्या खिशात घातला आणि भर उन्हात निघाला. ओढ्यापर्यंत गेला नाही तोच खिशातून चटका बसला. आणखी दहा पावलं गेल्यावर तो नाचायला लागला. नाचतनाचतच घरी परत आला. मांडीवर रुपयाएवढा फोड.

हौसानं त्यावर खोबरेल लावलं. "गरम वस्तू कुणी अशी अंगाला लावून नेतं होय? पाटीत कडबा घालायचा, त्यावर ठेवायची, वरून ओलं फडकं टाकायचं आणि अंगापासून लांब धरून न्यायची."

"आता लक्षात ठेवतो," शिदबा म्हणाला. आणि खरंच लक्षात ठेवलं. तोच तर घोटाळा होता.

संध्याकाळी हौसानं त्याला गोठेवाल्याकडून दोन लिटर दूध आणायला पाठवलं. गोठेवाल्यानं नुकतीच धार काढली होती. शिदबानं दुधात बोट बुडवून पाहिलं. गरम. मग त्यानं पाटीत कडबा घातला, कडब्यावर दूध ओतलं, वरून ओलं फडकं टाकलं आणि पाटी अंगापासून लांब धरून घरी आणली. वाटेत गावची मांजरं मागं लागली. घरी पोचला तेव्हा कडबा तेवढा ओला होता.

हौसानं कपाळाला हात लावला. "अहो, दूध चरवीत घालायचं. तोंडाला फडकं घट्ट बांधायचं आणि डोक्यावरून सांभाळून आणायचं. कळलं?"

"हे आधी सांगायचं की," शिदबा म्हणाला.

सकाळी तो परत मोबाइल द्यायला निघाला. हौसा अनारशाचं पीठ दळत होती, तिनं मान वर केली नाही. काल मग तिनं स्वतःच जाऊन चरवीतून दूध आणलं होतं, तीच चरवी शिदबानं घेतली. तळाशी चुळकाभर दूध राहिलं होतं, तेवढं आपलं सोबतीला. त्यात मोबाइल सोडला, तोंडाला फडकं घट्ट बांधलं, चरवी डोक्यावर घेतली आणि सात किलोमीटर चालत तालुक्याला गेला.

आनंदरावांनी दुकानात चरवी उघडली, आत हात घातला आणि मोबाइल बाहेर काढला. त्यावरून दूध ओघळलं. पाचसहा गिऱ्हाइकं बघत होती.

"हे काय, व्याही?"

"सांडला नाही थेंबभरसुद्धा," शिदबा म्हणाला.

आनंदरावांनी फडक्यानं मोबाइल पुसला. नातं नवं होतं. "असू द्या. तसाही कंपनी तो मोडीतच काढणार. पण नुसता मोबाइल चालत नाही. डबा कुठाय? बिल कुठाय? लग्नात जसा दिला होता, तसाच्या तसा परत आणायचा. त्याशिवाय नवा मिळत नाही."

"तसाच्या तसा?"

"अगदी तसाच्या तसा."

झालं. बाजाराच्या दिवशी भर बाराला तालुक्याच्या पेठेत हलगी कडाडली. पुढं हलगीवाला, मागं शिदबा. डोक्याला तीच टोपी, खांद्यावर तोच टॉवेल, हातात ताट. ताटात नारळ, बिल, डबा आणि डब्यावर हळदकुंकू लावलेला मोबाइल. निम्मा बाजार मागं आला होता. आनंदरावांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. पण एवढ्या लोकांत व्याह्याला बोलणार कसं? त्यांनी मुकाट्यानं नवा मोबाइल काढून दिला, आणि लोक हसायच्या आत आपणच गर्दीकडं वळून मोठ्यानं बोलले.

"ऐका मंडळी. मगदुमांच्या घरातून गेलेली वस्तू तापली, तर वर्षाच्या आत बिनबोभाट बदलून मिळते. तारखेचा कागद तेवढा आणायचा. आणि व्याही, पुन्हा काही तापलं तर मला विचारत बसू नका. तडक घेऊन या. तापलेली वस्तू घरात ठेवणं धोक्याचं, कधी पेट घेईल सांगता येत नाही."

लोकांनी माना डोलावल्या. शिदबानं शब्दन् शब्द मनात साठवला. घरी गेल्यावर हौसानं नवा मोबाइल पाहिला आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा नवऱ्याला म्हणाली, "बरं केलंत." शिदबाची छाती फुगली ती दोन दिवस खाली गेली नाही.

तिसऱ्या दिवशी जावई आणि लेक आले. जेवण झकास झालं. हौसानं वाण दिलं. वाण घरी न्यायचं असतं, पण जयवंतला अनारसे भारी आवडायचे. त्यानं बसल्या बसल्या बारा संपवले. त्यात सकाळी उन्हातून मोटारसायकल चालवत आलेला. तासाभरात डोळे लाल झाले आणि गडी आडवा झाला.

हौसानं कपाळाला हात लावून पाहिला. "अगं बाई, चांगलेच तापलेत की. वैजू, तू चौकातून लिंबं घेऊन ये. मी डॉक्टरांना आणते. अहो, तुम्ही जावईबापूंकडं बघा. हयगय नको."

दोघी गेल्या. शिदबानं हात लावला. पोरगा त्या मोबाइलपेक्षा गरम होता. घराला गवताचं छप्पर. जावई पेटला तर लेकीचं कसं व्हायचं? मग त्याला आठवलं, काळजी कसली, मगदुमांच्याच घरची वस्तू. माघातली. वर्ष कुठं झालंय? काय करायचं ते त्याला पाठ होतं.

त्यानं बैलगाडी जुंपली. गाडीत कडबा पसरला. "जावईबापू, चला, तालुक्याला नेतो." जयवंतला वाटलं, दवाखान्यात. तो निमूट गाडीत जाऊन झोपला. शिदबानं वरून ओलं धोतर टाकलं. तसाच्या तसा न्यायचा म्हणून डोक्याला लग्नातला फेटा बांधला, कपाळाला हळदकुंकू लावलं, उशाशी नारळ ठेवला. लग्नपत्रिका खिशात घातली. वाटेत हलगीवाल्याला उठवलं.

आता तुम्हीच विचार करा. भरल्या पेठेतून गाडी चाललीय. पुढं हलगी. गाडीत कडब्यावर माणूस निजलेला, अंगावर पांढरं धोतर, कपाळाला कुंकू. लोक काय समजणार? चहा पिणारे उठून उभे राहिले. टोप्या उतरल्या. एका दुकानदारानं रीतीप्रमाणं मूठभर चुरमुरे उधळले. व्याह्यांच्या गावात मानपान चांगला ठेवतात, शिदबाला वाटलं.

आनंदरावही हात जोडून दुकानाबाहेर आले. "बिचारा. कोण गेला म्हणायचा?" त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. तेवढ्यात गाडी त्यांच्याच पायरीशी थांबली. त्यांनी फेट्याखालचं तोंड पाहिलं आणि मटकन खाली बसले. "जयवंता रे," एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

हलगी थांबली तसा जयवंत उठून बसला. "बाबा, पाणी," तो म्हणाला. पुढचे चार जण तिथून जे पळाले ते एसटी स्टँडावर जाऊन थांबले.

"रडू नका व्याही, कागद आणलाय," शिदबानं लग्नपत्रिका पुढं केली. "ही तारीख बघा. वर्ष झालेलं नाही. सकाळपर्यंत उत्तम चालला. बारा अनारसे घातले आणि तापला. बदलून द्या."

गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "मगदूम, बोलला होता खरं तुम्ही. आम्ही होतो."

इतक्यात डॉक्टरांची मोटारसायकल आली. मागं हौसा, तिच्या मागं वैजू, हातात लिंबं तशीच. डॉक्टरांनी नाडी पाहिली. ऊन लागलंय आणि अनारसे बाधलेत, उद्यापर्यंत बरा होईल, म्हणाले.

आनंदराव उठले. रागानं मिशा थरथरत होत्या. "तो होईल बरा. माझी अब्रू गेली त्याचं काय? जिवंत पोराची तिरडी काढली माझ्या. शिदबा, तुमची लेक परत न्या. आजच्या आज."

वैजूच्या डोळ्यांत पाणी आलं. हौसाला इतके दिवस ज्याची भीती होती तेच समोर उभं राहिलं होतं.

शिदबाही घाबरला. तो लेकीजवळ गेला आणि तिच्या कपाळाला हात लावला. मग उलटा हात लावला. बराच वेळ त्यानं तो तसाच ठेवला.

"गार आहे," तो म्हणाला. "व्याही, ही कशाला परत न्यायची? हिच्यात काहीच बिघाड नाही. जन्मापासून बघतोय मी."

गाडीत जयवंतला हसू फुटलं. इतकं, की फेटा कडब्यात पडला. "बाबा, मामा बरोबर बोलतात. बिघडलोय तो मी. तिला कुठं पाठवताय?" वैजू रडतारडता हसली. मग डॉक्टर हसले, म्हातारा हसला, सगळी पेठ हसली. आनंदरावांनी मिशी दाताखाली धरून पाहिली, पण पोट ऐकेना. शेवटी डोळे पुसत ते म्हणाले, "पोरी, आत चल. लिंबं आणलीच आहेस तर सगळ्यांना सरबत कर. हे घर तुझंच आहे. व्याही, विहीणबाई, तुम्हीही या. विषय मिटला."

हौसानं हात जोडले. तिच्या जिवात जीव आला.

शिदबा मात्र गाडीपाशीच उभा होता. "येतो की सरबताला. पण आधी ह्याचं काय ते सांगा," तो म्हणाला. दुकानाच्या दारात जयवंतचा धाकटा भाऊ उभा होता, बिनलग्नाचा. शिदबानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, जवळ जाऊन कपाळाला हात लावला आणि समाधानानं मान हलवली.

"व्याही, सेम नग शिल्लक नसेल तर राहू दे. आम्हाला हा चालेल."

धाकट्यानं आत उडी मारली आणि शटर खाली ओढलं.