राशीच्या तळाशी

"लाकूड वाळतं, तेव्हा त्यातलं पाणी जातं कुठं?" धाकट्यानं हे सगळ्यांना विचारलं. 

सरपणाच्या त्या राज्यात जो तो ओलाच यायचा. ओल्याला चूल मिळत नसे. तो नुसता धुमसायचा आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे. म्हणून नव्याला राशीत चढवत, दोघांमध्ये वाऱ्याला वाट ठेवत. टोकं तडकली, साल सुटली, ठोकल्यावर टण्ण वाजलं, की चुलीचं बोलावणं येई. जाणारा मिरवत जाई. त्या एका उजेडासाठीच सगळे थांबलेले.

अख्खी रास दोघांवर उभी होती. एका टोकाखाली दगड, दुसऱ्या टोकाखाली थोरला. थोरला आणि धाकटा एकाच आंब्याच्या फांदीचे. जमिनीची ओल थोरल्याला, म्हणून वरचे कोरडे.

धाकट्याला धीर नव्हता. रोज सकाळी तो शेजारच्या बाभळीला म्हणे, "मावशी, ठोकून बघ की."

ती ठोके. धप्प.

"भोपळाच आहेस अजून! चुलीत गेलास तर विस्तवाला सर्दी होईल."

रास खदखदून हलायची.

"हळू रे, खाली मी आहे," थोरला म्हणे.

"दादा, तू कधी वाळणार?"

"तुम्ही उतरा, मग बघू."

"आणि तुझ्यातून ही कुरकुर कसली येते?"

"भूक लागलीय. पोट बोलतंय."

यावर धाकटा सगळ्यांत जास्त हसायचा.

उन्हाळा सरत आला आणि एका सकाळी धाकटा वाजला. टण्ण! मावशीनं पुन्हा ठोकलं. टण्ण!

"वाजलं गं बाई कार्टं!"

तेवढ्यात चुलीची हाक आली. धाकटा ओरडला, "दादा, ऐकलंस?"

खालून उत्तर आलं नाही. रास एका अंगाला कलली. धाकट्यानं वाकून पाहिलं. थोरल्याची साल जशीच्या तशी होती. आत वाळवी होती, आणि माती.

वरचे सरकू लागले. एकदा जमिनीला टेकले असते, तर पावसात सगळेच कुजले असते.

"या टोकाला कोण येतंय?" दगडानं विचारलं.

सगळे चुलीकडं पाहू लागले.

विचार करणं धाकट्याला कधी जमलंच नव्हतं. त्यानं उडी टाकली.

"अरे मेल्या, आज पाळी तुझी आहे!"

"मग तू जा, मावशी. तुझी जीभ बघून विस्तव आपोआप पेटेल."

मावशी हसली.

दादाची साल त्यानं दूर सारली नाही, तीच अंगाखाली घेतली. तडकलेली पाठ तिच्यासकट ओल्या मातीला लावली आणि रास सरळ होईपर्यंत खांदा वर धरून ठेवला.