बुवांच्या परसातलं भूत

माझा तुळशीदादा जाऊन तेरा दिवस झाले आणि नरहरबुवा भर देवळात म्हणाले, "त्याचा पखवाज नदीत सोडा. माझ्या परसातल्या पिंपळावरच्या मुंजानं शिकवलंय त्याला."

बुवा गावचे मोठे गवई. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पखवाज पोटाशी घट्ट धरला.

"बुवा, मुंजा म्हणजे मुंज होऊन लगेच मेलेलं पोर ना?"

"हो, आठ वर्षांचं."

"आणि तुम्ही किती वर्षं गाताय?"

"चाळीस!"

"मग आठ वर्षांच्या पोराच्या शागिर्दापुढे दर उत्सवात तुमचा ताल कसा चुकायचा?"

देऊळ हसलं. बुवा गडबडले. "मुंजा नसेल, ब्रह्मराक्षस असेल. तो मोठा विद्वान असतो."

"एवढा विद्वान तुमच्या परसात राहतो, आणि तुम्हाला सोडून माझ्या दादाला शिकवतो? रोज पहाटे तुमचं गाणं ऐकत असणार बिचारा!"

बुवा ओरडले, "घेऊन जा तो पखवाज!"

घरी आईनं सवयीनं कणकेचा गोळा बाजूला काढला होता. आवाज घुमावा म्हणून दादा रोज तो पखवाजाच्या डाव्या पुडीला, तिथल्या चामड्याला, लावायचा. आज मी लावला.