झडपेचा सोबती

पाचगणीच्या घाटात मोटारी यायच्या आधीची गोष्ट. खोरशेदबाईंच्या बंगल्यात एका खिडकीला वर सरकणारी काचेची झडप होती. बोटाने ढकलली की वर जायची आणि सोडाल तिथे थांबायची. "सगळं माझ्या अंगच्या बळावर हं!" असं ती शेजारच्या पडद्याला रोज ऐकवायची.

एके सकाळी चौकटीत काहीतरी तुटलं आणि झडप धाडकन खाली आली. बाईंची बोटं थोडक्यात वाचली. मग उघडावी तितक्यांदा ती कोसळू लागली. शेवटी वैतागून बाई गेणू मिस्त्रींना म्हणाल्या, "खिळे ठोकून हिला कायमची बंद करून टाका!" 

"थांबा बाई, आधी हिच्या जोडीदाराला बघू," म्हणत मिस्त्रींनी चौकटीची बाजूची फळी काढली. आतल्या धुळीत, तुटक्या दोरीसकट, एक लोखंडी ठोकळा पडला होता.

"तू कोण रे?" झडपेने विचारलं.

"तुझ्याच वजनाचा. एका दोरीला बांधलेले होतो आपण. तू वर जायचीस, तेव्हा मी खाली उतरायचो."

"आणि इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलला नाहीस?"

"तू पडत नव्हतीस ना! मग बोलायचं कशाला?"

मिस्त्रींनी चौकटीतल्या वरच्या चाकावरून नवी दोरी ओवली आणि तिच्या दोन टोकांना दोघांना बांधलं. झडप अलगद वर गेली आणि थांबली.

"आलं वाटतं बळ परत?" पडद्याने विचारलं.

"थांब जरा," झडप म्हणाली, "तो खाली नीट पोचला का, ते आधी विचारू दे."