उभ्या तागावर नांगर

त्या पावसाळ्यात लिंबाजी महाराजांनी मुक्कामासाठी आमची धामणवाडी निवडली, याचा आम्हां गावकऱ्यांना आजही केवढा अभिमान आहे म्हणून सांगू! मोठमोठ्या गावांची बोलावणी आली होती. पण महाराज उतरले ते या माळावरच्या साठ उंबऱ्यांच्या वाडीत, खंडोबाच्या देवळामागच्या पडवीत. सकाळी शिवारात फेरी मारायची, ढेकूळ उचलून हुंगायचं आणि कुणी पाया पडलं की आधी "जमीन कशी आहे?" असं विचारायचं, ही त्यांची रीत होती.

ठकूबाई ही त्यांची साधीभोळी भक्त. नवरा वारलेला, पदरी दोन बिघे मुरमाड रान. तीन वर्षं तिच्या शाळूची कणसं भरली नव्हती. यंदाही तसंच झालं, तर रान पड टाकून परमुलखात मजुरीला जाण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं.

"सासऱ्यांनी दगड वेचून वेचून केलेलं रान हाये, महाराज. ते सोडून कुठं जाऊ?" ती रडत म्हणाली.

महाराज म्हणाले, "बाई, दोन पिढ्या तुम्ही या जमिनीकडून घेतच आलात. धसकटं जाळलीत, शेणाच्या गोवऱ्या थापल्यात. तिच्या पोटात काय घातलंत? एकदा तिला पोटभर जेवू घाल." त्यांनी तागाच्या बियांची पिशवी तिच्या हाती दिली. "हे पेर. पिवळं फूल दिसलं की उभाच्या उभा ताग नांगरून मातीत गाड. तो कुजला की शाळू पेर."

आता आमच्याकडे ताग लावतात तो दोर वळायला. शिवाय उभ्या पिकात नांगर घातला की लक्ष्मी रुसते, अशी गावाची पक्की समजूत. ठकूबाईनं ताग पेरला; तो वाढल्यावर तिचा बेत कळताच दौलतराव पाटील चावडीवर गरजले, "डोकं फिरलंय बाईचं! बुवानं सांगितलं म्हणून पुरुषभर पीक गाडणार? उभ्या पिकात नांगर म्हणजे लक्ष्मीला लाथ! हिला कुणी बैल देईल तर माझ्याशी गाठ आहे."

झालं! एरवी ठकूबाई लोकांच्या रानात खुरपायची आणि त्या सावडीत, म्हणजे कामाच्या बदल्यात, तिला बैल मिळायचे. आता ती दारोदार फिरली, पण एकही दावं सुटलं नाही. इकडे ताग फुलून चार दिवस झाले होते. देठ निबर होऊ लागले, वरून आभाळ कोरडं. अजून आठवडा गेला असता, तर ताग मातीत कुजला नसता आणि शाळूचा हंगामही हातचा गेला असता. ती धावत महाराजांकडे आली.

महाराज उठले. तिच्या रानात गेले, धोतर खोचलं, नांगराचं जू उचललं आणि एक बाजू सरळ आपल्या मानेवर घेतली!

"अवं महाराज, मला पाप लागंल!" ठकूबाई किंचाळली.

"पाप लागलं तर माझ्या माथी. तू मागून नांगराचं रुमणं धर."

बांधावर गाव जमलं होतं. पाटील पोट धरून हसले. "बुवाचा बैल झाला रे! आता दुसरा बैल काय वैकुंठातून येणार?"

आणि काय सांगावं! खंडोबाला सोडलेला आमचा वळू, ज्याच्या मानेला जन्मात जू शिवलं नव्हतं, ज्यानं दोघा-तिघांना शिंगावर घेतलं होतं, तो बांध ओलांडून आला. लोक पळाले. पण तो थेट महाराजांच्या शेजारी उभा राहिला आणि त्यानं मान खाली घातली. महाराजांनी त्याच्या मानेवर जू ठेवलं. "चल, गड्या," एवढंच म्हणाले.

दिवस मावळेपर्यंत ती जोडी चालली. वळूनं एकदाही हिसका दिला नाही. ठकूबाईचे तळहात सोलवटले, पण तिनं रुमणं सोडलं नाही. दोन्ही बिघ्यांतला ताग मातीआड झाला; बांधालगतची एक ओळ तेवढी तिनं बियाण्याला राखली. दुसऱ्या दिवशी पाऊस आला, तोही असा भिजपाऊस की मातीतला ताग हां हां म्हणता कुजला.

त्या साली ठकूबाईच्या शाळूची कणसं दोन्ही मुठींत मावेनात. ढेकूळ हातात घ्यावं तर भुसभुशीत, काळं, गांडुळांनी भरलेलं. पाटलांच्या मळ्यातला शाळू मात्र जेमतेम कमरेला लागला होता.

महाराज शाळूच्या सुगीपर्यंत राहिले; निघायच्या दिवशी ते ठकूबाईच्या रानात निरोप घ्यायला गेले, तेव्हा पाटीलही अनवाणी तिथं आले. पागोटं काढून त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलो, महाराज! देवाला हसलो मी."

महाराजांनी त्यांना उठवलं. "पाटील, मी नुसता ओढत होतो. रुमणं कुणी धरलं होतं?"

पाटील क्षणभर घुटमळले. मग वळले, आणि ज्या बाईला त्यांनी बैल मिळू दिला नव्हता, तिच्यापुढे भर शिवारात वाकले. "ठकूबाई, तागाचं थोडं बी देशील?"

ठकूबाई ताठ उभी होती. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत होता.

"देईन की. पर फूल आलं म्हंजे मला बोलवा, पाटील. उभं पीक गाडायला तुमचा हात न्हाई धजायचा. रुमणं मीच धरीन."